मोठ्या मशीनला व्हायरस लागतो का?

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, कॉम्प्युटर आपल्या घरात नाही, मग त्याचा आजार आपण कशाला ऐकायचा? थोडं थांबा. आपलं बचतीचं खातं, गटाचं कर्ज, पीएम किसानचे दोन हजार, विधवा पेन्शन, गॅसची सबसिडी हे सगळं कुठल्या तरी कॉम्प्युटरमध्येच लिहिलेलं असतं. त्या कॉम्प्युटरला काही झालं की खेटे आपल्यालाच घालावे लागतात.

हा प्रश्न आमच्याकडं आला कसा ते आधी सांगतो. लोहा आणि अहमदपूरच्या मधल्या एका गावातला आमचा अकरा जणींचा गट. मृगाचा पाऊस तोंडावर आलेला, सोयाबीनचं बियाणं घ्यायचं होतं, म्हणून कर्जाचा जुना हप्ता भरून नवी उचल घ्यायची असं बैठकीत ठरलं. हप्ता चौदा हजार दोनशे रुपयांचा. गावातली बीसी सखी म्हणजे आपल्यातलीच एक सून. तिच्याकडं पैसे दिले, तिनं मशीनवर भरले, पण नेमका मशीनमधला कागदाचा रोल संपलेला. तिनं वहीत लिहून, तारीख-वेळ टाकून सही करून दिली.

दुसऱ्या दिवशी सचिवताई पासबुक घेऊन शाखेत गेल्या. शाखेतले सगळे कॉम्प्युटर बंद. कारकून म्हणाले, "व्हायरस आलाय, दोन-तीन दिवस काही सांगता येत नाही." झालं! व्हायरस हा शब्द गावात पोचेपर्यंत त्याचं भलतंच झालं. कुणी म्हणालं बँकेतले पैसे गेले. कुणी म्हणालं पैसे भरलेच नाहीत, सखीनंच ठेवून घेतले. तिच्या सासूला पाण्याच्या टाकीवर दोन बायकांनी तोंडावर विचारलं. ती पोर तीन दिवस घराबाहेर पडली नाही. चौथ्या दिवशी शाखा सुरू झाली, पासबुक छापून आलं, त्यात चौदा हजार दोनशेची नोंद होती, आणि तारीख होती पैसे भरले त्याच दिवसाची.

पुढच्या बैठकीत एका मावशींनी विचारलं, "मंग त्या बँकेच्या मोठ्या मशीनला व्हायरस लागला व्हता का न्हाई?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. आमच्यात कुणी कॉम्प्युटर इंजिनिअर नाही. आम्ही बी.ए. झालेल्या, एमएससीआयटीचं सर्टिफिकेट असलेल्या बायका. पण प्रश्न अगदी बरोबर होता. म्हणून वाचून, जाणकारांना विचारून जे कळलं ते आज सांगतो.

सगळे कॉम्प्युटर एका जातीचे नसतात. सेतू केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात, शाखेच्या काउंटरवर दिसतो तो पीसी. ही घरगुती गिरणी समजा, घरापुरतं दळण करणारी. दुसऱ्या टोकाला मेनफ्रेम असतो. तो म्हणजे साखर कारखाना, मोठ्या सरकारी खात्यांचं आणि मोठमोठ्या बँकांचं काम ओढणारा. या दोघांच्या मधला तो मिडरेंज. चौकातली मोठी पिठाची गिरणी म्हणा. दिवसरात्र चालणारा, शेकडो माणसांचं काम एका वेळी करणारा, बँका, विमा कंपन्या, कारखाने, मालाचे मोठे व्यापारी यांच्या हिशेबासाठी बनवलेला.

या मधल्या जातीतलं सगळ्यांत गाजलेलं मशीन आयबीएम कंपनीनं 21 जून 1988 रोजी जाहीर केलं. त्याचं नाव एएस फोर हंड्रेड. पुढं नावं बदलत गेली, आयसीरीज झालं, सिस्टीम आय झालं, आणि 2008 पासून त्याच्या कार्यप्रणालीला आयबीएम आय म्हणतात. पण जुनी माणसं अजून एएस फोर हंड्रेडच म्हणतात, जसं आपण औंढ्याला जाणाऱ्या एसटीला अजून लाल डबाच म्हणतो. या मशीनची ख्याती अशी की याला व्हायरस लागत नाही. कंपन्यांतली माणसं छातीठोकपणे असं सांगत आली.

ते खरं आहे का? बरंचसं खरं आहे.

व्हायरस म्हणजे काय ते आधी बघू. तो किडा नाही, जंतूही नाही. तो माणसानंच लिहिलेला एक छोटा प्रोग्राम असतो. प्रोग्राम म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या हुकमांची यादी. व्हायरसच्या यादीत पहिला हुकूम असा असतो की स्वतःची नक्कल दुसऱ्या प्रोग्राममध्ये किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये टाक. सोयाबीनच्या पोत्यात एक किडकं पोतं मिसळलं की थप्पीच किडते, तसं. पीसीवरचा पहिला मोठा पसरलेला व्हायरस 1986 चा, त्याचं नाव ब्रेन, आणि तो लाहोरच्या दोन भावांनी लिहिला होता. तेव्हा तो फ्लॉपीतून पसरायचा. पुढं पेनड्राइव्ह आले, ईमेल आले, आता व्हॉट्सॲप आहे. आपल्या महाराष्ट्रात यावर औषध शोधणारे दोन भाऊ निघाले, मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. कैलास आणि संजय काटकर. कैलास दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. धाकट्या भावानं व्हायरस काढायचा प्रोग्राम लिहिला, त्यातून क्विक हील ही कंपनी उभी राहिली. दहावीवर शिक्षण थांबलेल्या आमच्या मैत्रिणींना हे आम्ही मुद्दाम सांगतो.

आता पीसीला व्हायरस इतक्या सहज का लागतो? पीसीत सगळं एकाच प्रकारच्या डब्यात ठेवतात. चिठ्ठी असो, फोटो असो की प्रोग्राम असो, डबा सारखाच, फक्त वरची चिठ्ठी वेगळी. म्हणून कुणी उंदराच्या औषधावर "साखर" अशी चिठ्ठी लावली तर पीसी फसतो. लग्नाचा फोटो म्हणून उघडलं आणि आत प्रोग्राम निघाला, असं त्यामुळंच होतं.

एएस फोर हंड्रेड बनवणाऱ्यांनी इथंच वेगळा विचार केला. त्या मशीनमध्ये प्रत्येक वस्तू तयार होतानाच तिची जात ठरते, आणि ती जात आतूनच कोरलेली असते. हिशेबाची वही ही वहीच राहणार. तिला कुणी म्हणालं, तू आता हुकूम दे, तर मशीन ते मानतच नाही. प्रोग्रामही बाहेरून तयार करून आत सारता येत नाही, तो मशीनच्या स्वतःच्या कारखान्यातून तयार व्हावा लागतो. आणि एकदा तयार झालेल्या प्रोग्राममध्ये दुसऱ्या कुणी गुपचूप आपली ओळ घुसवायची म्हटलं तर तो रस्ता जवळपास बंद. व्हायरसचं तर पोटच त्यावर चालतं! म्हणून पीसीवर व्हायरसचा सुकाळ झाला, पण या मशीनच्या गाभ्यात शिरून गावोगाव पसरलेल्या व्हायरसचं एकही गाजलेलं उदाहरण नाही.

एवढं वाचून आम्हाला वाटलं, मावशींना सांगून टाकावं की मोठ्या मशीनला व्हायरस लागत नाही, जा बिनघोर. पण पुढं वाचत गेलो तसं चित्र पालटलं.

आपल्या जुन्या वाड्याची रचना आठवा. कंधारकडं, उदगीरकडं असे वाडे अजून दिसतात. आत माजघर, देवघर, जमिनीखाली पेव. तिथं परक्याचं पाऊल पडत नाही. पण पुढं ओसरी असते. तिथं कुणीही येतं, बसतं, सामान ठेवून जातं. 1994 च्या सुमारास या मशीनलाही अशी एक ओसरी बांधली गेली, कारण ऑफिसातले पीसी आणि हे मशीन यांच्यात कागदपत्रांची देवाणघेवाण करायची होती. त्या ओसरीत पीसीच्या पद्धतीच्या फायली राहतात. तिथं ठेवलेली किडकी फाईल त्या मशीनला काही करत नाही, पण तिथून ती दुसऱ्या पीसीवर जाऊ शकते. निरोगी माणसाच्या अंगावरून साथ दुसऱ्या घरी जावी, तसं. 2004 च्या आवृत्तीपासून कंपनीनं स्वतःच त्या ओसरीत व्हायरस शोधण्याची सोय करून दिली. म्हणजे धोका त्यांनीही मान्य केला म्हणायचा.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. हल्ली रॅन्समवेअर नावाचा प्रकार आहे. हा सगळ्या फायलींना कुलूप लावतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो. समजा ऑफिसातल्या एका साहेबाच्या पीसीला ओसरीचं दार कायम उघडं ठेवलेलं आहे, रोज रोज पासवर्ड कोण टाकणार म्हणून. त्या पीसीला रॅन्समवेअर लागला की तो साहेबाच्याच पावलानं ओसरीत जातो आणि तिथल्या प्रत्येक ट्रंकेला कुलूप ठोकतो. मोठ्या मशीनला त्यात काही गैर दिसत नाही. त्याला वाटतं साहेबच काम करतायत.

आणि तिसरी गोष्ट ऐकून तर आम्ही कपाळाला हात लावला. या मशीनमध्ये नवीन माणसाची नोंद करताना पासवर्ड वेगळा दिला नाही, तर त्याचं नाव तोच पासवर्ड धरण्याची जुनी पद्धत होती. बरीच ऑफिसं ते बदलायचं विसरतात. एवढी भक्कम भिंत बांधायची आणि किल्ली उंबऱ्यावरच्या कोनाड्यात ठेवायची. आपण तरी काय वेगळं करतो? एटीएम कार्डाच्या पाकिटावरच पिन लिहिलेला आम्ही किती घरांत बघितलाय.

मोठं मशीन फसतं ते माणसाच्या हातून, याची एक जुनी गोष्ट आहे. डिसेंबर 1987 मध्ये जर्मनीतल्या क्लाउस्टालच्या विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्यानं नाताळचं भेटकार्ड तयार केलं. ते आयबीएमच्या मोठ्या मेनफ्रेमवर चालायचं. ते सुरू केलं की पडद्यावर अक्षरांनी काढलेलं नाताळचं झाड दिसायचं. छान दिसायचं म्हणे. पण झाड बघेपर्यंत तो प्रोग्राम त्या माणसाच्या ओळखीच्या सगळ्या नावांना स्वतःची एकेक नक्कल पाठवून द्यायचा. ओळखीच्या माणसाकडून आलंय म्हणून समोरचाही उघडायचा. बघता बघता विद्यापीठांची जाळी आणि आयबीएमचं स्वतःचं जगभरचं जाळं त्यानं तुंबून गेलं. मशीनचं कुठलंच कुलूप त्यानं तोडलं नव्हतं. लोकांनी स्वतः होऊन तो सुरू केला होता.

ही गोष्ट सांगितली तेव्हा बैठकीत एकीनं लगेच ओळखलं, "हे तर लग्नपत्रिकेसारखं झालं की!" अगदी बरोबर. ऑगस्ट 2025 मध्ये आपल्या शेजारच्या हिंगोलीची बातमी आली होती. एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचं निमंत्रण आलं. पत्रिका म्हणून उघडली ती एपीके फाईल होती, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाईल. खात्यातून सुमारे 1 लाख 90 हजार रुपये गेले. 1987 चं झाड आणि 2025 ची पत्रिका, युक्ती तीच.

आता आपल्या महाराष्ट्रातलं मोठं प्रकरण. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक 1906 साली स्थापन झालेली, देशातल्या जुन्या आणि मोठ्या नागरी सहकारी बँकांपैकी एक. 11 ऑगस्ट 2018 ला महिन्यातला दुसरा शनिवार होता, बँकेला सुट्टी. त्या दिवशी काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डं वापरून सुमारे 78 कोटी रुपये काढले गेले. बारा हजारांच्या आसपास व्यवहार. भारतातल्या एटीएममधून आणखी सुमारे अडीच कोटी, त्यात कोल्हापूरसुद्धा होतं. मग सोमवारी, 13 तारखेला, बँका-बँकांत परदेशी पैसे पाठवायची जी स्विफ्ट नावाची व्यवस्था आहे तिच्यातून 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण 94 कोटींच्या वर.

आता नीट ऐका. ग्राहकांच्या खात्यांतला एक रुपयाही कमी झाला नाही, असं बँकेनं सांगितलं. खात्यांचा हिशेब ठेवणाऱ्या मुख्य मशीनला चोरांनी हातच लावला नव्हता. मग पैसे गेले कसे?

एटीएम आणि मुख्य मशीन यांच्यामध्ये एक निरोप्या असतो. त्याला स्विच म्हणतात. तोही एक कॉम्प्युटरच. पूर्वी गावात चावडीवरचा कोतवाल जसा निरोप न्यायचा तसा. एटीएम विचारतं, ह्या कार्डावर दहा हजार द्यायचे का? निरोप्या मुख्य मशीनकडं जातो, शिल्लक बघून हो किंवा नाही आणतो. चोरांनी बँकेच्या जाळ्यात आधी घातक प्रोग्राम सोडला आणि खऱ्या कोतवालाच्या जागी खोटा कोतवाल उभा केला. हा खोटा कोतवाल चावडीपर्यंत जायचाच नाही. अर्ध्या वाटेतून परत येऊन सांगायचा, "हो, द्या म्हणतायत." एटीएम बिचारं देत राहिलं. मुख्य मशीनला पत्ताच नाही, कारण त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकी सरकारनं जगभरच्या बँकांना एक इशारा दिला. त्यात म्हटलं होतं की आशिया आणि आफ्रिकेतल्या बँकांवर 2016 पासून अशाच पद्धतीचे हल्ले होतायत आणि त्यामागं उत्तर कोरियाची टोळी आहे. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात कॉसमॉसचं नावही आलं. आमच्या प्रश्नाचं उत्तर त्या इशाऱ्यातच होतं. हल्ला झालेले ते स्विच कुठल्या मशीनवर होते? आयबीएमच्याच एआयएक्स कार्यप्रणालीवर, म्हणजे आपण म्हणतोय त्याच भक्कम, धंद्यातल्या मशीनच्या घराण्यातल्या. पण त्यांच्या आवृत्त्या जुन्या झालेल्या, कंपनीनं दुरुस्ती देणं बंद केलेल्या. आणि त्या इशाऱ्यात हेही स्पष्ट लिहिलं होतं की मशीनची कार्यप्रणाली फोडल्याचा पुरावा मिळालेला नाही. चोर आत शिरले ते बहुधा कर्मचाऱ्यांना आलेल्या फसव्या ईमेलमधून, आणि मग खऱ्या माणसांचेच युजर आणि पासवर्ड वापरून पुढं सरकले.

म्हणजे वाड्याची भिंत शाबूत, पेवाचं झाकणही शाबूत, आणि धान्य मात्र गेलं.

कॉसमॉस प्रकरणात एटीएमवर जाऊन पैसे काढणारी हाताखालची माणसं पोलिसांनी पकडली. त्यांत मराठवाड्यातलीही होती. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयानं 11 जणांना दोषी ठरवून शिक्षा दिली. दूर देशी बसून खोटा कोतवाल उभा करणारे मात्र सापडले नाहीत. हे आम्ही मुद्दाम सांगतोय, कारण गावातल्या तरुण पोरांना "तुझं खातं फक्त वापरायला दे, पाच हजार देतो" असं सांगणारे फिरत असतात. खातं दिलं, कार्ड दिलं, की गुन्ह्यात नाव त्या पोराचं येतं.

नांदेडलाही अशी झळ लागलेली आहे. जानेवारी 2021 मध्ये शंकर नागरी सहकारी बँकेचं दुसऱ्या एका बँकेत असलेलं खाते हॅक करून 14 कोटींहून अधिक रक्कम ऑनलाइन वेगवेगळ्या खात्यांत वळवली गेली. वजिराबाद पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. पुणे-मुंबईच्या गोष्टी म्हणून सोडून देता येत नाही ते यामुळं.

आणि चोरी न होताही नुकसान होतं. 31 जुलै 2024 आठवतंय का? त्या दिवशी लहान बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज नावाच्या कंपनीच्या यंत्रणेत रॅन्समवेअरचा संशय आला. साथ पसरू नये म्हणून देशाची पैशाची देवाणघेवाण सांभाळणाऱ्या एनपीसीआय संस्थेनं त्या कंपनीचा धागाच तोडून ठेवला. सुमारे 300 लहान बँका, त्याही सहकारी आणि ग्रामीण, यूपीआय आणि एटीएमच्या व्यवहारांपासून तुटल्या. दुसऱ्या दिवशी बहुतेक सुरळीत झालं. पैसे कुणाचेच गेले नाहीत. पण मोठ्या शहरातल्या मोठ्या बँकेच्या ग्राहकाला त्या दिवशी काही कळलंही नसेल. अडकली ती आपल्यासारखी माणसं. आम्हाला याचा राग येतो. लहान बँका स्वतःची यंत्रणा पोसू शकत नाहीत म्हणून दुसऱ्यावर अवलंबून राहतात, आणि तो दुसरा आजारी पडला की दवाखान्याचं बिल भरायचे पैसे आपले अडकतात. जिल्हा बँक असो की पतसंस्था, वार्षिक सभेत आपण लाभांश विचारतो, भेटवस्तू विचारतो. कॉम्प्युटरच्या सुरक्षेवर यंदा किती खर्च केला, मशीनची आवृत्ती चालू आहे की मुदत संपलेली, हे एकीनं तरी उठून विचारायला काय हरकत आहे? सभासद म्हणून तो आपला हक्कच आहे. लातूरच्या एका सभेत आमच्या एका ताईंनी विचारलं. उत्तर गुळमुळीत मिळालं, पण व्यासपीठावरचे साहेब एकमेकांकडं बघायला लागले, हेही आम्ही बघितलं.

आता आपल्या हातात काय आहे? पहिलं, कागद. मशीन कितीही भारी असो, पावती मागायचीच. रोल संपला असेल तर सखीनं हातपावती द्यायची, तिची नक्कल वहीत राहिली पाहिजे. पासबुक महिन्यातून एकदा छापून आणायचं, सहा महिन्यांनी नाही. गटाच्या दप्तरातलं रोकड पुस्तक आणि पासबुक दर बैठकीत शेजारी शेजारी ठेवून वाचायचं. काही जणी म्हणतात, आता सगळं ॲपवर भरतो, वही कशाला? वही हवी. तिला बाहेरून कुणी कुलूप लावू शकत नाही.

दुसरं, पेनड्राइव्ह. ग्रामसंघाचा अहवाल छापायला आपण ती तीन-तीन दुकानांत फिरवतो आणि मग ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावतो. आमच्याच प्रभाग संघाच्या कॉम्प्युटरला असा व्हायरस लागून एका वर्षाची उपस्थिती गेली होती. चूक आमचीच होती. आता फाईल छापायला दिली की ती पेनड्राइव्ह परत आपल्या मशीनला लावत नाही, आणि महत्त्वाच्या कागदांची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर कपाटात असते, जी कॉम्प्युटरला जोडलेली नसते. जोडलेली राहिली तर तिलाही कुलूप लागतं, ओसरीतल्या ट्रंकेसारखं.

तिसरं, पैसे गेलेच तर घाई करायची. 1930 हा नंबर घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा. सायबर फसवणुकीची तक्रार तिथं होते. लगेच केली तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. शाखेतही लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमाप्रमाणे चूक बँकेची असेल तर आपल्यावर काहीच बोजा येत नाही. चूक ना आपली ना बँकेची, मधल्याच कुठल्या यंत्रणेत गडबड झाली असेल, तर बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तरी आपल्यावर बोजा येत नाही. पण ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून खोटं काही सांगू नका, लपवूही नका. नवरा रागावेल म्हणून चार दिवस गप्प बसलेल्या बायका आम्ही बघितल्या आहेत. त्या चार दिवसांतच सगळं हातातून जातं.

आणि चौथं, मोबाइल नंबर. हे सगळ्यांत साधं, आणि आमच्या त्या गटात घोळ इथंच झाला होता.

शाखेतला व्हायरस काउंटरवरच्या पीसीला लागला होता. कुणी तरी पेनड्राइव्ह लावली होती म्हणे. हिशेब ठेवणारं खरं मशीन तिथं नव्हतंच. ते शेकडो किलोमीटर दूर, त्याला काही झालं नव्हतं. शाखेतला कॉम्प्युटर म्हणजे नुसती खिडकी. खिडकी बंद होती म्हणून आतला हिशेब दिसत नव्हता, एवढंच. सखीनं भरलेले पैसे त्याच मिनिटाला जमा झाले होते आणि बँकेचा मेसेजही त्याच मिनिटाला सुटला होता. तो गेला कुठं? गटाच्या खात्याला सचिवताईंच्या नावापुढं जो नंबर लावलेला होता तो त्यांच्या मुलाचा. मुलगा चाकणला कंपनीत कामाला. तीन दिवस तो मेसेज त्याच्या मोबाइलमध्ये पडून होता. त्यानं बघितलाही होता, पण आईच्या गटाचं काही तरी आहे म्हणून सोडून दिला. इकडं एका लेकीचं नाव पार खराब होत होतं.

त्यानंतर आम्ही आमच्या प्रभागातल्या गटांची यादी काढून बसलो. निम्म्याहून जास्त खात्यांना नवऱ्याचे, मुलांचे, दिरांचे नंबर. काही नंबर तर बंद पडलेले. प्रत्येक शाखेत दोन-दोन चकरा मारून, अर्ज भरून, एकेक नंबर बदलून घेतोय. अजून संपलेलं नाही. ज्यांच्याकडं स्वतःचा मोबाइल नाही त्यांच्यासाठी काय करायचं यावर अजून भांडणं चालू आहेत.

सचिवताईंचा नंबर बदलला. त्या पाण्याच्या टाकीवरच्या दोघीजणी सखीच्या घरी गेल्या, तिच्या सासूला कुंकू लावून आल्या. सखी आता दोन रोल जास्तीचे ठेवते, आणि मशीनवर व्यवहार झाला की समोरच्या बाईला म्हणते, "मावशी, आधी मेसेज आला का बघा, मगच उठा." तुमच्या खात्याला कुणाचा नंबर आहे ते येत्या बैठकीत पासबुक घेऊन बसा आणि बघा. बदलायचा अर्ज शाखेत मिळतो, सोबत आधारची झेरॉक्स लागते.